गडर लाईन आपल्या लेआउटपर्यंत आणायची, तर खर्च कसा काढायचा अन् कसा वाटायचा

वर्ध्याला लागून असलेली पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, नालवाडी ही गावं पाहिली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. घरं शहरासारखी, लोक शहरात नोकरीला, पण हद्द ग्रामपंचायतीची, अन् नगरपरिषदेची भुयारी गटार, म्हणजे आपण म्हणतो ती गडर लाईन, हद्दीपाशी येऊन थांबते. विदर्भातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांना असे लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्या, चिकटलेले आहेत. प्रत्येक घरामागं सेफ्टी टँक, तिचं ओव्हरफ्लोचं पाणी नालीत, नाली भरली की रस्त्यावर. त्यात आपली काळी माती, शोषखड्डा खणला तरी पाणी जिरत नाही, पावसाळ्यात तं खड्डाच उलटा भरून येतो.

मग कोणीतरी म्हणतं की आपण वर्गणी करू अन् लाईन आणू. मीटिंग बसते, अन् पहिला प्रश्न येतो, "घरामागं किती पडतील?" इथंच गाडी घसरते. कोणी अंदाजे पंधरा हजार म्हणतं, तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसतो, नंतर तीस झाले की अर्धे लोक उठून जातात. म्हणून माझं ठाम मत आहे की घरामागचा आकडा सगळ्यात शेवटी काढायचा, त्याआधी लेव्हल, मग एस्टिमेट, मग कोणाचा भार कोणी उचलायचा ते. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे, पहिल्यांदा यात पडणाऱ्यांसाठी.

आधी लाईन खरंच आहे का ते बघा

हसण्यासारखं वाटेल पण जमिनीखाली सिमेंटचा पाईप दिसला म्हणजे ती गडर लाईन असं नसतं, पुष्कळदा ती पावसाच्या पाण्याची असते अन् थेट नाल्यात सुटते. त्यात संडासाची लाईन जोडली तर तुम्ही फक्त घाण खालच्या गावाला पाठवली. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा किंवा बांधकाम विभागात जाऊन तीन गोष्टी लेखी विचारा: जवळचा चालू चेंबर (लाईनवरचं झाकणवालं मॅनहोल) कुठं आहे, त्याचं पाणी कोणत्या एसटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) जातं, अन् तिथं आणखी पाणी घ्यायची जागा आहे का. तोंडी उत्तरावर राहू नका. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयाचा अर्ज टाका, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं, नकाशाची प्रत पण मागा.

दुसरी गोष्ट हद्दीची. तुमचा लेआउट ग्रामपंचायतीत असेल अन् लाईन नगरपरिषदेची, तर ठराव दोन्हीकडं लागेल. ग्रामसभेचा ठराव की आम्हाला जोडणी पाहिजे अन् देखभालीचा खर्च आम्ही असा-असा देऊ, अन् नगरपरिषदेचा ठराव की आम्ही हे पाणी स्वीकारतो. हे दोन कागद नसताना वर्गणी गोळा करू नका, पैसे अडकून पडतात अन् मग ज्यानं गोळा केले त्याच्या दारात लोक येतात.

लेआउट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरी न घेता गुंठ्या-गुंठ्यानं विकलेला, असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाच्या वेळी विकास आकार भरलेला असतो, तो त्याच भागाच्या सोयींसाठी असतो, त्याच्या पावत्या आधी काढा. एनए (अकृषक मंजुरीचा) लेआउट असेल तर मंजुरीच्या ऑर्डरमधल्या अटी वाचा, नाल्या-रस्ते करून द्यायची जबाबदारी लेआउटवाल्यावर टाकलेली असते. लेआउटवाला प्लॉट विकून मोकळा झालेला असतो हे मान्य, पण कागद हातात असला तर बोलणं वेगळं होतं.

लेव्हल, म्हणजे सगळ्या खर्चाचं मूळ

गडर लाईन चालते उतारावर. पाईप किती मोठा यापेक्षा तो किती खोल जाईल यावर पैसा ठरतो, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं एस्टिमेट समजलं.

एक उदाहरण धरू अन् लेखभर तेच वापरू. सरळ ३०० मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूला १५ मीटर फ्रंटचे (रस्त्याकडच्या रुंदीचे) प्लॉट, म्हणजे एका बाजूला २० अन् एकूण ४० प्लॉट. पाणी किती येईल? घरी ५ माणसं धरली तर २०० माणसं. गडर लाईन असलेल्या गावात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा धरतात, त्यातलं ८० टक्के गटारीत येतं असं मानतात, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट धरा, तरी सेकंदाला पाऊण लिटरच होतं. एवढ्याला १५० मिमीचा पाईप भरपूर झाला, एक लाखाखालच्या गावासाठी केंद्राच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी मापही तेच दिलं आहे. तर पाईप मोठा पाहिजे म्हणून कोणी खर्च फुगवत असेल तर हा हिशोब पुढं ठेवा.

आता उतार. १५० मीटरला १ मीटर धरला, तर ३०० मीटरमध्ये लाईन २ मीटर खाली उतरते. वरच्या टोकाला ०.९ मीटर खोलीवर सुरुवात केली अन् जमीन सपाट असली, तर खालच्या टोकाला २.९ मीटर खोल. आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: नगरपरिषदेच्या त्या चेंबरचा तळ किती खोल आहे? तो जर २ मीटरवरच असेल तर तुमचं पाणी त्यात पडणारच नाही, कोणी कितीही वर्गणी दिली तरी.

हे तपासायला इंजिनिअरची वाट पाहायची गरज नाही. मिस्त्री लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक चेंबरच्या झाकणापाशी अन् दुसरं पुढच्या विजेच्या खांबापाशी, दोन्हीकडं पाण्याची रेघ स्थिरावली की खडूनं खूण करा अन् जमिनीपासून खुणेपर्यंत टेपनं मोजा. दोन्हीकडच्या मापातला फरक म्हणजे जमिनीचा उतार. असं खांबागणिक पुढं जात लेआउटच्या शेवटच्या घरापर्यंत या अन् वहीत लिहीत चला. चेंबरची खोली मोजायला झाकण नगरपरिषदेच्या माणसाकडूनच उघडून घ्या, थोडा वेळ उघडं राहू द्या, अन् वरूनच बांबू सोडून मोजा. आत कोणी उतरायचं नाही, वाकून तोंड पण घालायचं नाही. ही मापं कच्ची असतात, एस्टिमेटसाठी पक्का सर्व्हे लागेलच, पण लाईन उतारानं जाते की पंपिंग लागतं एवढं या वहीतून कळून जातं.

पंप लागत असेल तर मी तरी सरळ सांगीन, थांबा. पंपाचं वीजबिल, ऑपरेटर, मोटार जळणं, हे दर महिन्याचं आहे अन् ते चाळीस घरांच्या वर्गणीवर टिकत नाही. दुसऱ्या रस्त्यानं दुसरा चेंबर मिळतो का बघा, किंवा शेजारच्या दोन-तीन लेआउटसोबत मिळून एकच पंपिंग नगरपरिषदेकडून करून घ्या.

एस्टिमेट वाचायला शिका

अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवर, म्हणजे एसएसआरवर निघतं. गटारीच्या कामाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची दरसूची वापरतात. तांत्रिक मान्यता अन् प्रशासकीय मान्यता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, पहिली सांगते की काम तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, दुसरी सांगते की पैसा खर्च करायला परवानगी आहे. फक्त तांत्रिक मान्यता झाली अन् लोकांनी पेढे वाटले असं बरेचदा होतं.

आयटम बघताना सगळ्यात आधी खोदाईवर बोट ठेवा. आपल्या उदाहरणात सरासरी खोली १.९ मीटर, चर ०.८ मीटर रुंद, लांबी ३००, म्हणजे ४५६ घनमीटर खोदाई. आता हे ४५६ घनमीटर माती, मुरूम, मऊ खडक अन् कठीण खडक यात कसं वाटलं आहे ते बघा, कारण चौघांचे दर वेगळे अन् कठीण खडकाचा कितीतरी जास्त. पश्चिम विदर्भात वर काळी माती अन् खाली काळा पाषाण, तो कुठं दीड मीटरवर लागतो तर कुठं चार मीटरवर पण नाही. अंदाजानं टक्के टाकलेले असतील तर मानू नका. लेआउटमध्ये ज्यांनी विहीर, बोअर किंवा सेफ्टी टँक खणली त्यांना विचारा की खडक किती फुटावर लागला, अन् जेसीबीनं तीन-चार ठिकाणी ट्रायल खड्डे करून घ्या. या एका गोष्टीनं एस्टिमेट खाली-वर होतं तेवढं दुसऱ्या कशानं होत नाही.

काळ्या मातीत पाईपखालचं बेडिंग हा आयटम कापू देऊ नका. ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाईप थेट तिच्यावर ठेवला तर दोन-तीन उन्हाळ्यात जॉइंट सरकतो अन् उताराची वाट लागते. रेती किंवा बारीक चुरीचं बेडिंग, रबर रिंगचा जॉइंट, अन् पाईपच्या आजूबाजूला उकरलेली काळी ढेकळं न भरता मुरूम, हे तीनही एस्टिमेटमध्ये लिहिलेलं पाहिजे. पूर्वेकडं, भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्यात, पाणी वरच लागतं, तिथं चरातलं पाणी उपसायचा आयटम लागेल. अन् दीड-दोन मीटरच्या खाली चर गेला की शोरिंग, म्हणजे चराच्या भिंतींना फळ्यांचा आधार, लागतंच. काळ्या मातीचा चर उभा दिसतो अन् अचानक बसतो, आत माणूस काम करत असतो. पैसे वाचवायला जे आयटम काढतात त्यात शोरिंग पहिलं असतं, ते काढू देऊ नका.

बाकीचं पटकन सांगतो. चेंबर साधारण ३० मीटरला एक अन् प्रत्येक वळणावर, म्हणजे आपल्याकडं ११. रस्ता फोडून परत करायचा खर्च, पीडब्ल्यूडीचा रस्ता ओलांडायचा असेल तर त्यांची परवानगी अन् रक्कम. नळाची लाईन मध्ये आली तर ती सरकवायचा खर्च. टेस्टिंग. मग वर १८ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार सेस अन् किरकोळ. हिशोब समजावा म्हणून मूळ काम १० लाखाचं धरू, खरा आकडा तुमच्या जागेवर निघेल. १० लाखावर जीएसटी १,८०,०००, सेस १०,०००, किरकोळ १०,०००. झाले १२ लाख. मीटिंगमध्ये लोक दहाच ऐकतात अन् वरचे दोन लाख "खाल्ले" म्हणतात, म्हणून पहिल्या दिवसापासून १२ च बोला.

कोणता पैसा कोणाचा

आता वाटपाकडं येऊ, पण त्याआधी तीन कप्पे करा. घरापासून लेआउटच्या लाईनपर्यंतची जोडणी ज्याची त्याची. लेआउटमधली लाईन सगळ्यांची. अन् लेआउटच्या बाहेरची किंवा बाहेरच्यांसाठी मोठी केलेली लाईन, ती तुमची नाही.

हा तिसरा कप्पा लोकांना माहीतच नसतो. समजा नगरपरिषद म्हणाली की पुढं आणखी लेआउट होतील म्हणून १५० ऐवजी ३०० मिमीचा पाईप टाका. म्हणणं बरोबर आहे, रस्ता दोनदा फोडण्यापेक्षा एकदाच मोठा टाकलेला बरा. पण मग दोन एस्टिमेट मागा, एक १५० चं, एक ३०० चं. पहिल्याएवढी रक्कम तुमची, वरचा फरक नगरपरिषदेचा. हे ठरावात लिहून घ्या.

सरकारी पैसा कुठून येऊ शकतो ते पण आधीच बघा, कारण तो वजा करूनच वर्गणी ठरते. केंद्राच्या अमृत २.० या शहरांच्या योजनेत पाणी सगळ्या शहरांसाठी होतं, पण मलनिःसारण आधीच्या ५०० अमृत शहरांपुरतंच, त्यामुळं छोट्या नगरपंचायतीनं त्याच्या भरवशावर बसू नये. ग्रामपंचायतीला २०२१-२६ च्या १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के निधी पाणी अन् स्वच्छतेसाठी बंधित होता. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५,००० पर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये अन् त्यावरच्या गावाला माणशी ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली, त्यातले ३० टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगातून घालायचे. पण हा पैसा न्हाणी-मोरीच्या पाण्यासाठी आहे, संडासाच्या लाईनसाठी धरून चालू नका. लेआउटला लागून अनुसूचित जातीची वस्ती असेल तर वस्ती विकासाच्या योजनेतून तेवढा भाग होऊ शकतो, अन् त्या घरांकडून परत वर्गणी मागायची नाही. आमदार-खासदार निधीसाठी पत्र द्या, पण "साहेब देतो म्हणाले" हे वजाबाकीत धरायचं नाही, मंजुरीचा आदेश हातात आला की धरायचं.

आता घरामागं किती

समजा १२ लाख पूर्ण लोकांवरच आले. सगळ्यात सोपं, ४० प्लॉट, प्रत्येकी ३०,०००. प्लॉट सारखेच असतील तर हेच करा, जास्त डोकं लावू नका.

पण प्लॉट क्वचितच सारखे असतात. कोणाचा ९ मीटर, कोणी दोन घेऊन २४ मीटरचा केलेला. नुसतं फ्रंटवर वाटलं तर ६०० मीटर फ्रंटला मीटरमागं २,००० होतात, मग रुंद प्लॉटवालं एकटं म्हातारं जोडपं ४८,००० भरतं अन् नऊ मीटरवर तीन मजले भाड्यानं देणारा १८,००० मध्ये सुटतो. मला अर्धं-अर्धं पटतं. ६ लाख प्लॉटमागं सारखे, म्हणजे १५,०००, अन् उरलेले ६ लाख फ्रंटवर, मीटरमागं १,०००. मग ९ मीटरवाल्याला २४,०००, १५ वाल्याला ३०,०००, २४ वाल्याला ३९,०००. कोपऱ्याच्या प्लॉटची एकच बाजू धरायची, ज्या बाजूनं जोडणी घेणार ती. अन् भाड्याच्या खोल्यांचा फरक वर्गणीत काढायच्या भानगडीत न पडता महिन्याच्या देखभालीत काढा.

एक वाद हमखास होतो. खालच्या टोकाचा म्हणतो, माझ्या घरापासून चेंबर वीस मीटरवर, मी ३०० मीटरचे पैसे काऊन देऊ? त्याला नीट समजावून सांगा की वरच्यांचं पाणी त्याच्या दारासमोरून जाणार म्हणून तर लाईन तिथं २.९ मीटर खोल आहे हे खरं, पण आज वरच्या एकोणचाळीस घरांचं नालीतलं पाणी उतारानं त्याच्याच दारात तुंबून राहिलं आहे, अन् ते बंद होण्याचा सगळ्यात जास्त फायदा त्यालाच आहे. बहुतेकांना हे पटतं, कारण डास त्यांच्याकडंच जास्त असतात.

खरी अडचण खुल्या प्लॉटची. समजा २८ घरं बांधलेली, १२ प्लॉट रिकामे, मालक कोणी नागपूरला तर कोणी पुण्याला, फोन उचलत नाही. २८ जणांनीच भरायचे तर सारख्या वाटणीत ४२,८५७ पडतात. तरीही काम करा, पण उशिरा येणाऱ्याचा करार आधी करून ठेवा. नियम असा: एकोणतिसावा आला की १२ लाख भागिले २९, म्हणजे ४१,३७९ त्यानं भरायचे, अन् ते आधीच्या २८ जणांना प्रत्येकी १,४७८ परत. सगळ्यांचा खर्च पुन्हा सारखा. तिसावा आला की परत तसंच. दरवर्षी काही टक्के वाढ लावायची का ते आत्ताच ठरवा, माझ्या मते लावावी, नाही तं थांबून राहणाराच फायद्यात. अन् हा करार नगरपरिषदेच्या ठरावाला जोडा, म्हणजे प्लॉटमालक मंडळाचं ना-हरकत असल्याशिवाय नवीन जोडणी मिळणार नाही. ही अट नसेल तर करार कपाटातच राहतो.

ज्याच्याकडं खरंच नाही त्याच्यासाठी हप्ते. आपल्याकडं पैसा पिकाच्या मागं येतो, सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास, कापसाचा त्यानंतर, तूर-हरभऱ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पहिला हप्ता नोव्हेंबर, दुसरा जानेवारी, तिसरा मार्च असा ठेवला तर वसुली नीट होते, अन् काम फेब्रुवारी ते मे मध्ये बसतं. मृगाच्या आधी चर बुजलाच पाहिजे, काळ्या मातीत जूनमध्ये उघडा चर म्हणजे सगळं परत उकरणं.

पैसे रोख घेऊ नका अन् ठेकेदाराच्या हातात तर मुळीच देऊ नका. प्लॉटमालकांचं मंडळ नोंदवा, तिघांच्या सहीचं बँक खातं काढा, अन् शक्यतो नगरपरिषदेकडं डिपॉझिट भरून त्यांच्याकडूनच काम करून घ्या, म्हणजे टेंडर, मोजमाप पुस्तिका, दोषदायित्वाची मुदत (बिघाड निघाला तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायचा काळ) सगळं त्यांच्या नावावर राहतं. ते सुपरव्हिजनचे काही टक्के घेतील, ते पण एस्टिमेटमध्ये आधीच दाखवायला सांगा. जमा-खर्च दर महिन्याला ग्रुपवर टाका, कोणी किती भरले नावानिशी, सगळ्यांना दिसू द्या.

चर बुजण्याआधी अन् नंतर

पाईप टाकल्यावर माती लोटण्याआधी दोन चेंबरमधला पट्टा तपासून घ्या. एका चेंबरमधून आरसा-टॉर्च लावून दुसऱ्यापर्यंत गोल उजेड दिसला पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर पाईप कुठंतरी खचलाय. मग खालचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवा, पातळी उतरते का बघा. फोटो काढा, प्रत्येक घराची जोडणी कोणत्या चेंबरपासून किती मीटरवर आहे ते टेपनं मोजून नकाशावर लिहा, एक प्रत नगरपरिषदेत, एक ग्रामपंचायतीत.

गच्चीचं पाणी या लाईनला जोडू देऊ नका, कोणी कितीही ओळखीचा असो. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिमी पाऊस पडला तर ५,००० लिटर होतात, चाळीस घरांचे दोन लाख. तुमचं गर्दीच्या वेळचं सांडपाणी तासाला २,७०० लिटर, अन् १५० मिमीचा पाईप या उतारावर तुडुंब वाहिला तरी साधारण ४५,०००. उरलेलं सगळं खालच्या घरांच्या संडासातून वर येणार. हे आकडे करारातच लिहा, अन् छताचं पाणी नालीत किंवा बोअर रिचार्जला.

देखभालीचे पैसे पहिल्या महिन्यापासून घ्या, लाईन तुंबल्यावर नाही. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी जेटिंग मशीन (जोरानं पाणी मारून लाईन साफ करणारं) बोलवायचं भाडं, फुटलेली झाकणं, नगरपरिषदेचं वार्षिक शुल्क, याची बेरीज करून बाराने भागा अन् जोडण्यांवर वाटा, भाड्याच्या खोल्यांना प्रत्येक स्वयंपाकघरामागं एक वाटा धरा. अन् चोकअप झालं तर गल्लीतला कोणी पाचशे रुपयात उतरायला तयार असतो, त्याला उतरवू नका. हातानं मैलासफाई बंद करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं असं उतरवणं गुन्हा आहे, अन् सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये गटारीतल्या मृत्यूची भरपाई ३० लाख ठरवली आहे. मशीनसाठी १४४२० हा हेल्पलाईन नंबर लावा, अन् नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागाचा नंबर पहिल्या चेंबरजवळच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवा.